तेल निघालं तेव्हा उतार कुठे होता: मुंबईच्या समुद्राखालचं बेसिन मॉडेल

सीस्मिकच्या, म्हणजे जमिनीखालून परतणाऱ्या ध्वनिलहरींवरून काढलेल्या चित्राच्या, पडद्यावर एक उंचवटा दिसतो. वर शेलचा, म्हणजे दबलेल्या चिखलाच्या खडकाचा, जाड थर, खाली चुनखडी, चारी बाजूंना उतार. ट्रॅप, म्हणजे तेल अडवून ठेवणारी जागा, म्हणून त्यात काही कमी नसतं. इंटरप्रिटर त्याभोवती रेघ ओढतो, क्षेत्रफळ काढतो आणि फाइल आमच्याकडे येते. तिच्यासोबत येणारा प्रश्न नेहमीचाच: इथे चार्ज झाला असेल का? म्हणजे तेल किंवा वायू इथवर पोचला असेल का, आणि तो पोचला तेव्हा हा उंचवटा इथे होता का?

या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला पहिल्यापासून जास्त खेचतो. सीस्मिक आजचं चित्र दाखवतं. तेलाचा प्रवास सुरू झाला तेव्हा मात्र थर वेगळ्या खोलीवर होते, उतार वेगळ्या दिशेला होते आणि खडक वेगळ्या तापमानाला होता. तो सगळा काळ भौतिकशास्त्राचे नियम लावून संगणकात पुन्हा चालवायचा, हे माझं काम. त्याला बेसिन (गाळ साचत गेलेला खोलगट प्रदेश) मॉडेलिंग म्हणतात. इथे ज्या कामाबद्दल लिहिते आहे ते मुंबईच्या पश्चिमेकडच्या समुद्रातलं आहे. उंचवट्याची नेमकी जागा सांगता येणार नाही, पण त्याची गरजही नाही. सुरतेच्या बाजूचा खोलगट भाग आणि मुंबई हाय यांच्या मधल्या पट्ट्यात तो आहे, एवढं पुरे.

मुंबई हायची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथलं मुख्य रिझर्व्हॉयर, म्हणजे तेल साठवणारा सच्छिद्र खडक, ही एल-थ्री नावाची चुनखडी, लोअर (म्हणजे अर्ली) मायोसीन काळातली, साधारण दोन कोटी वर्षांपूर्वीची. पण तेल तिथे तयार झालेलं नाही. ते तयार झालं पन्ना फॉर्मेशनमध्ये, पॅलिओसीन ते अर्ली इओसीन काळातल्या (साधारण साडेसहा ते पाच कोटी वर्षांपूर्वीच्या) शेल आणि कोळशाच्या थरांत, आणि तेही जिथे ते थर खोल गाडले गेले तिथे. तिथून ते वर सरकत, उतार चढत हायपर्यंत आलं. आमचा उंचवटा नेमका त्या वाटेवर होता.

मॉडेलची सुरुवात थरांपासून होते. आपल्या समुद्राखालच्या थरांना किनाऱ्यावरच्या गावांची नावं आहेत: रत्नागिरी, वांद्रे, चिंचणी, वसई. लहानपणी एसटीच्या पाट्यांवर वाचलेली नावं कामाच्या पडद्यावर खोलीच्या आकड्यांसोबत दिसतात याचा आनंद मला अजूनही होतो. प्रत्येक थराला तीन गोष्टी द्याव्या लागतात: आजची जाडी, खडकाचा प्रकार आणि वय. वयासाठी मी जीवाश्मतज्ज्ञ मॅडमच्या टेबलाशी बसले. चुनखडीत न्युम्युलाइट्स हे कवचधारी जीवाश्म दिसले की साधारण इओसीन, मिओजिप्सिना हे दुसरे दिसले की साधारण अर्ली मायोसीन. मॅडम पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सांगायच्या, “बघ, हा कवचाचा आडवा छेद. आणि इथे वरच्या थरात हा एकदम नाहीसा होतो, मध्ये काहीतरी काळ गायब आहे.” गायब काळ हा आमच्यासाठी फार महत्त्वाचा. तिथे नुसतं काही साचलं नाही, की साचलेलं झिजून गेलं? झिजलं असेल तर किती मीटर? कारण तेवढं ओझं कधीतरी खालच्या थरांवर होतं आणि त्या ओझ्याखाली ते जास्त तापले असणार.

मग थर एकेक करून उलटे काढायचे. वरचा थर काढला की खालचा फुगतो, कारण वजन कमी होतं. गाळ दबला की त्यातलं पाणी निघून जातं आणि सच्छिद्रता खोलीबरोबर घातांकी वेगाने घटते, हे एल. एफ. अॅथी यांनी १९३० मध्ये मांडलं. स्क्लेटर आणि क्रिस्टी यांनी १९८० मध्ये नॉर्थ सीच्या विहिरींवरून जे आकडे दिले ते आजही वापरात आहेत: शेल साचताना ६३ टक्के सच्छिद्र आणि तीन किलोमीटर खाली जेमतेम १४ टक्के. म्हणजे आज हजार मीटर जाड दिसणारा, सरासरी २० टक्के सच्छिद्र शेल, ६० टक्के सच्छिद्र असताना दोन हजार मीटर होता. हा फरक धरला नाही तर जुन्या काळातली सगळी खोली चुकते, आणि खोली चुकली की तापमान चुकतं.

चुनखडीला हा नियम नीट लागू पडत नाही. ती साचताच सिमेंटसारखी घट्ट होऊ शकते आणि पुढे समुद्र हटून उघडी पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळून पुन्हा पोकळ होऊ शकते. आमच्या भागात अर्धा स्तंभ चुनखडीचाच. सॉफ्टवेअरमध्ये ‘लाइमस्टोन’ निवडलं की एक तयार वक्र येतो, तो मी वापरला नाही. विहिरींच्या डेन्सिटी लॉगवरून, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या खडकाच्या घनतेच्या नोंदींवरून, प्रत्येक थराचा वेगळा वक्र बसवला. या कामात बराच वेळ गेला आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यात काही दिसतही नाही, पण तयार वक्रावर विसंबून केलेली मॉडेल्स मला पटत नाहीत. पुढच्या प्रत्येक आकड्याचा पाया तिथे आहे.

आता उष्णता. खालून पृथ्वीची उष्णता येते, वर समुद्राचं गार पाणी असतं, मधल्या थरांतून ती वाहत राहते. समीकरण सोपं, शाळेत शिकलेल्या उष्णतावहनाचंच. अडचण सगळी त्यात भरायच्या आकड्यांची आहे. शेलची उष्णतावाहकता चुनखडीच्या साधारण निम्मी, आणि कोळशाची त्याहून कितीतरी कमी. पन्नातला कोळशाचा थर जाडीने फार नसला तरी खालच्या थरांवर गोधडीसारखा बसतो. तो नकाशात नीट दाखवला नाही तर खालचं तापमान काही अंशांनी कमी येतं.

आणि सगळ्यात खाली काय आहे? बऱ्याच भागात दख्खनचा बेसॉल्ट, सह्याद्रीतला तोच काळा कातळ, समुद्राखाली उतरलेला. मुंबई हायच्या काही भागात मात्र तो नाही, तिथे त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइट आणि नाइससारखे खडक आहेत. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम जास्त, त्यामुळे तो स्वतःच थोडी उष्णता निर्माण करतो. बेसॉल्ट त्या मानाने जवळजवळ काहीच करत नाही. शिवाय बेसॉल्टच्या थरांवर लहरी विखुरतात, त्यामुळे त्याच्या खालचं सीस्मिक गढूळ दिसतं. बेसॉल्ट किती जाड आहे आणि त्याच्या तळाशी काय आहे, हे आमच्या सीस्मिक रेघांवर ठामपणे कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणून तळाची तीन वेगवेगळी रूपं मी शेवटपर्यंत समांतर चालवली.

दख्खनचे लाव्हा वाहिले साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला आणि आपला पश्चिम किनारा तयार झाला. खंड ताणला जातो तेव्हा त्याचा कवचाचा भाग पातळ होतो आणि खालचा तप्त भाग वर येतो. डॅन मॅकेन्झी यांनी १९७८ मध्ये या ताणाचं जे गणित मांडलं, त्यानुसार ती जादाची उष्णता ओसरायला लागणारा काळ सुमारे ६ कोटी वर्षांच्या घरात आहे. म्हणजे जन्माच्या वेळची एक तृतीयांशाहून जास्त जादा उष्णता आजही शिल्लक असायला हवी. मला हा आकडा पहिल्यांदा स्वतः काढून पाहिला तेव्हा विलक्षण वाटला. डायनोसॉर संपले त्या सुमाराची ऊब आपल्या समुद्राच्या तळाखाली अजून मोजता येण्याइतकी आहे.

वरच्या टोकाचं तापमानही स्थिर नव्हतं. आजच्या उथळ शेल्फचा तळ उबदार आहे, पण खोल पाण्याचा तळ दोन-चार अंशांवर असतो. आणि लाव्हा वाहिले तेव्हा हा सगळा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होता. तिथून विषुववृत्त ओलांडून उत्तरेला आला. दर टप्प्याला अक्षांश आणि पाण्याची खोली धरून तळाचं तापमान द्यावं लागतं.

एवढं झालं की मॉडेल चालतं. चालणं आणि खरं असणं यांत अंतर आहे. आता ते विहिरीतल्या मोजमापांशी जुळवायचं.

तापमानाची मोजमापं जुन्या लॉगच्या हेडरवर असतात. स्कॅन केलेली पिवळट पानं, त्यावर टाइपरायटरने किंवा हाताने भरलेले रकाने: विहिरीचं नाव, खोली, मडचं (ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवाचं) वजन, थर्मामीटरने दाखवलेलं कमाल तापमान. या आकड्यावर थेट विश्वास ठेवता येत नाही. ड्रिलिंग चालू असताना गार मड सतत खाली-वर फिरत असतो, त्यामुळे विहिरीच्या भिंती थंड झालेल्या असतात. मड थांबवल्यावर विहीर हळूहळू पुन्हा तापते. लॉगिंगच्या वेळी ती अर्धीच तापलेली असते. म्हणून एकाच खोलीवर पाठोपाठच्या रनमध्ये (उपकरण खाली सोडण्याच्या फेऱ्यांत) घेतलेली तापमानं आणि मड थांबून किती तास झाले हे दोन्ही हवं. एका विहिरीत ते मिळालं: सहा तासांनी ११२ अंश, बारा तासांनी ११८, अठरा तासांनी १२१. हॉर्नरच्या आलेखावर, म्हणजे मड थांबल्यापासूनच्या वेळेनुसार तापमान मांडून, रेघ पुढे नेली की खरं तापमान १२७ च्या आसपास येतं.

बाकीच्या बहुतेक हेडरवर ‘टाइम सिन्स सर्क्युलेशन’चा रकाना कोरा होता. ज्यांनी पूर्वी रिगवर काम केलं होतं असे आमचे एक ज्येष्ठ सर शेजारी बसून ती पानं माझ्यासोबत वाचत. एका पानावर थांबून म्हणाले, “अगं, हे बघ, तीन वेगवेगळ्या टूलवर अगदी एकच तापमान लिहिलंय. थर्मामीटर एकदाच वाचलाय आणि आकडा खाली उतरवत गेलेत. हा आकडा एकच धर, तीन धरू नकोस.” त्यांच्या नजरेने मग मी प्रत्येक आकड्याला वजन दिलं: टेस्टिंगमध्ये द्रव वर आला तेव्हाचं तापमान सर्वांत भरवशाचं, हॉर्नर लावता आलेलं त्याखालोखाल, एकटा आकडा सर्वांत कमी. जाडसर सरासरी सुधारणा सगळ्यांना सारखीच लावून टाकायची पद्धतही आहे. तिने तक्ता लवकर भरतो, पण चांगल्या आकड्याची किंमत वाईट आकड्याएवढी होते.

दुसरा पुरावा व्हिट्रिनाइटचा. झाडांच्या लाकडाचे अवशेष शेलमध्ये आणि कोळशात असतात. ते जसजसे तापतात तसतसे जास्त चकाकतात. घासून आरशासारखा केलेला नमुना तेलाच्या थेंबाखाली, ५४६ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात बघायचा आणि एकेका कणाची चकाकी मोजायची. ०.६ टक्क्यांच्या आसपास तेल निघायला लागतं, १.३ च्या पुढे तेलाची वेळ सरत आलेली असते.

प्रयोगशाळेत जाऊन मी ते मोजताना पाहिलं. अहवालात छापलेली सरासरी वाचणं आणि कण दिसणं यात केवढा फरक आहे! करड्या चौकटीत छोटे फिकट तुकडे, काहींच्या कडा सरळ, काही कुरतडलेले. एका नमुन्याच्या मोजमापांचे तीन ढीग पडले. सर्वांत मंद चकाकीचा ढीग वरच्या थरातून विहिरीत ढासळलेल्या तुकड्यांचा, त्यात भर म्हणजे मडमध्ये घातलेल्या लिग्नाइटचाही. सर्वांत तेज ढीग जुन्या खडकातून झिजून इथे पुन्हा साचलेल्या कणांचा. मधला छोटा ढीग तेवढा आपला. अहवालात या तिघांची मिळून एकच सरासरी होती. मोजणाऱ्या तज्ज्ञांनी मधल्या ढिगाचा आकडा वेगळा काढून दिला तेव्हा तो मॉडेलच्या रेघेवर बसला नाही, पण तिच्या बराच जवळ आला. चुनखडीत व्हिट्रिनाइट जवळपास नसतंच, त्यामुळे मधल्या दीड-एक किलोमीटरमध्ये आमच्याकडे सांगण्यासारखा एकही बिंदू नव्हता.

तरीही वर-खालचे बिंदू जुळले. तापमान जुळलं, चकाकी जुळली. स्वीनी आणि बर्नहॅम यांच्या १९९० च्या गणितात चकाकी वाढण्याच्या क्रियेला वीस समांतर रासायनिक क्रिया मानलं आहे. त्या गणिताने काढलेला वक्र आमच्या बिंदूंमधून छान गेला. इथे थांबता आलं असतं, आणि अनेक अहवाल इथेच थांबतात. पण मी तळाची तीन रूपं समांतर ठेवली होती, आणि तिन्ही जुळली.

या ठिकाणी मी खूप रेंगाळले, कारण सगळ्या कामाचं मर्म मला इथे दिसलं. एका रूपात सुरुवातीची उष्णता जास्त आणि हळूहळू ओसरणारी. दुसऱ्यात जवळपास आजच्याइतकीच, सगळा काळ. तिसरं मधलं. आजचं तापमान तिघांचंही १२७ च्या आसपास. चकाकीही जवळजवळ सारखी. असं का व्हावं? कारण व्हिट्रिनाइट मुख्यतः सर्वांत जास्त तापमानाची नोंद ठेवतं. आपल्या भागात मिडल मायोसीनपासून (साधारण दीड कोटी वर्षांपासून) आजवर चिंचणी फॉर्मेशनचा शेल झपाट्याने साचत आला आहे. सोर्स रॉक, म्हणजे तेल जिथे तयार होतं तो पन्नाचा खडक, आज जेवढा खोल आहे तेवढा खोल कधीच नव्हता, आणि आज जेवढा तापला आहे तेवढाही बहुधा कधीच नव्हता. म्हणजे त्याची जुनी नोंद नव्या उष्णतेने पुसली गेली. दोन्ही पुरावे आजबद्दल बोलतात. मला हवा होता दोन कोटी वर्षांपूर्वीचा साक्षीदार.

आणि फरक तिथेच होता. केरोजेनचं, म्हणजे खडकातल्या घन सेंद्रिय पदार्थाचं, तेल होण्याचा वेग तापमानाच्या घातांकात वाढतो. आमच्या सोर्स रॉकसाठी धरलेली सक्रियन ऊर्जा मोलमागे सुमारे २२० किलोज्यूल. १२० अंशांच्या आसपास तापमान फक्त दहा अंशांनी वाढलं तर हा वेग साधारण पाचपट होतो. मायोसीनमध्ये आमच्या रूपांत दहा-बारा अंशांचा फरक होता. गरम सुरुवातीच्या रूपात किचनच्या, म्हणजे सोर्स रॉक तापून तेल तयार होतं त्या खोल भागाच्या, मधोमध तेल लवकर निघायला लागलं, सम उष्णतेच्या रूपात त्याचा मोठा भाग पुढच्या काळात निघाला.

लवकर की उशिरा याला एवढं महत्त्व का, हे आमच्या उंचवट्यामुळे. थर उलटे काढत गेल्यावर दिसलं की मिडल मायोसीनच्या सुमारास हा उंचवटा आजच्या निम्माही नव्हता. वर चिंचणीचा गाळ पश्चिमेकडे ढकलत साचत गेला, त्याच्या ओझ्याने शेल्फ पश्चिमेला कलला आणि आजचं बंद रूप तयार झालं. त्याआधी पश्चिमेकडे निघालेलं तेल या जागेवरून फारसं न थांबता पुढे हायकडे गेलं असतं. हायच्या बाबतीतही एक मर्यादा आपोआप मिळते: एल-थ्री स्वतःच अर्ली मायोसीनची आणि तिच्यावरचं शेलचं झाकण त्यानंतरचं. म्हणजे तिच्यात आज असलेलं तेल त्या झाकणानंतरच तिथे स्थिरावलं असणार.

साक्षीदार सापडला तो तेलात. सोर्स रॉक तापत राहिला, पण त्यातून बाहेर पडलेलं तेल त्या किचनमधून निसटलं आणि उथळ, कमी तापमानाच्या रिझर्व्हॉयरमध्ये जाऊन बसलं. त्यातल्या स्टेरेन आणि हॉपेन या रेणूंची रचना तापमानाबरोबर बदलते, आणि तेल गार जागी पोचलं की तो बदल जवळजवळ थांबतो. म्हणजे निघतानाची पक्वता त्यात नोंदलेली राहते. वाटेवरच्या एका जुन्या विहिरीच्या टेस्टिंगमधला तेलाचा नमुना कोठारात होता. भूरसायनतज्ज्ञांनी तो पुन्हा तपासायला तयारी दाखवली. स्टेरेनचं एक गुणोत्तर समतोलाला पोचलं की पुढचं काही सांगत नाही, म्हणून त्यांनी फेनॅन्थ्रीनवर आधारलेलं आणखी एक मापही घेतलं. निकाल मध्यम पक्वतेचा आला. आजच्या किचनच्या मधल्या भागापेक्षा बराच कमी.

याचे दोन अर्थ निघू शकत होते: तेल किचनच्या मध्यातून लवकर निघालं, किंवा किचनच्या कडेच्या कमी तापलेल्या भागातून उशिरा निघालं. मॉडेलमध्ये दोन्ही करून पाहिलं. कडेचा भाग वाहून नेणाऱ्या वाटांच्या नकाशात त्या विहिरीकडे येतच नव्हता, त्याचं तेल दक्षिणेला वळत होतं. वाटांचा नकाशा मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काढला: डार्सीच्या प्रवाहाने, नुसत्या चढाच्या दिशेने आणि खडकाच्या सूक्ष्म छिद्रांतला प्रतिकार धरून. तिन्हीत कडेचं तेल दुसरीकडे जात होतं. तेव्हा सम उष्णतेचं रूप मी मागे टाकलं. पूर्ण फेटाळलं नाही, कारण मॉडेलमधली एक चौकोनी पेशी जमिनीवर अर्धा किलोमीटर आहे आणि तेल त्याहून कितीतरी अरुंद फटीतून वाट काढू शकतं.

मग उंचवट्याचं काय? पहिलं तेल बहुधा त्यावरून निघून गेलं. पण किचन थांबलं नव्हतं. ते आजही तापतं आहे, आणि उंचवटा तयार झाल्यावर जे निघालं ते जास्त पक्व, हलकं, वायूचं प्रमाण जास्त असलेलं. माझ्या अहवालात निष्कर्ष असा गेला: इथे काही सापडलं तर ते हायसारखं तेल असण्यापेक्षा वायू आणि कंडेन्सेट (वायूसोबत येणारं अगदी हलकं तेल) असण्याचा संभव जास्त. तेलाच्या बाजूने मांडलेला आधीचा आकडा कमी करावा.

सादरीकरणात पहिला प्रश्न आला, “एक आकडा सांगा. किती बॅरल?” मी तीन रूपांचे तीन आलेख शेजारीशेजारी दाखवले आणि कुठला पुरावा कुठल्या रूपाच्या विरोधात जातो ते सांगितलं. एकाच रूपाचा रंगीत अॅनिमेशनपट दाखवला असता तर सभा सुखाने संपली असती, हे मला ठाऊक आहे. किचनमधून लाल-हिरव्या रेघा वर चढताना बघायला फार देखण्या दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, झालं, असंच झालं असणार. पण रिग भाड्याने आणून समुद्रात विहीर खोदायचा खर्च त्या देखणेपणावर उभा करायला मी तयार नव्हते. बराच वेळ चर्चा झाली. माझ्या शेजारी बसलेले सर शेवटी म्हणाले, “तिने काय नाही ते सांगितलंय, त्यावरच आपलं बजेट वाचतं.” त्या वाक्यानंतर चर्चेचा सूर बदलला आणि विहीर वायूच्या योजनेत घ्यायची की नाही यावर बोलणं सुरू झालं.

मला त्या बैठकीतून एक गोष्ट हवी होती ती वेगळीच. पुढच्या माणसाला कोऱ्या रकान्यांवर मॉडेल बसवायला लागू नये. म्हणून विहीर खोदलीच तर तिच्या कार्यक्रमात तीन मागण्या लिहून दिल्या. पन्नाच्या भागात कटिंग्जवर (मडसोबत वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांवर) न विसंबता भिंतीतून साइडवॉल कोअर (खडकाचे छोटे नमुने) घ्यावेत, म्हणजे ढासळलेल्या तुकड्यांचा गोंधळ राहणार नाही. त्या टप्प्यात मडमध्ये लिग्नाइट घालू नये. आणि प्रत्येक लॉगिंग रनला तापमान वेगळं वाचून, मड कधी थांबवला ती वेळ हेडरवर नोंदवावी. तिसऱ्या मागणीला लगेच होकार मिळाला, तिला खर्चच नाही. साइडवॉल कोअरचं प्रकरण खर्चाच्या समितीकडे गेलं आहे. मडबद्दल केमिस्ट आणि ड्रिलिंग इंजिनिअर यांच्याशी बोलणं चालू आहे. लिग्नाइटऐवजी काय वापरता येईल, आणि त्या तापमानाला ते टिकेल का, याची यादी त्यांनी पुढच्या बैठकीला आणायचं कबूल केलं आहे.